तीनशे चोवीस

कोरीनने लाकडी दांडीच्या चिरेत पॉलिश पेपरची पट्टी अडकवली, तिला दोन वेढे दिले, वर तेलाचा थेंब सोडला आणि दांडी ड्रिलला लावली. बाकावरच्या व्हाइसमध्ये आवळलेल्या पोलादी डायच्या, म्हणजे बंदुकीच्या गोळीला माप देणाऱ्या साच्याच्या, भोकातून ती दांडी आत-बाहेर करू लागली.

"दहा मोज आणि थांब," खुर्चीतून बाबा म्हणाले.

"माहितीये."

"माहितीये म्हणूनच जास्त घासतेस."

तिने दहा मोजले. डाय पुसली, प्रेसमध्ये बसवली आणि शिशाची एक गोळी तिच्यातून दाबून काढली. गोळी चकचकीत होऊन वर आली. ती तिने बाबांच्या तळहातावर ठेवली. मोजायचं काम बाबांचं. बाबांच्या, म्हणजे ऑरिन लुंडक्विस्टच्या, तळघरात मायक्रोमीटरला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा नियम कोरीनच्या जन्माआधीपासूनचा होता.

बाबांनी मायक्रोमीटरच्या जबड्यात गोळी धरली, स्क्रू फिरवला, मायक्रोमीटर दिव्याकडे तिरपा केला.

"तीनशे तेवीस. उद्या अजून एक हात."

गोळ्या ज्या रायफलसाठी होत्या, ती कोरीनच्या आजोबांची. नळी इतकी झिजलेली की नेहमीच्या मापाची गोळी तिच्यात सैल जायची, आत शिसं फासून ठेवायची आणि नेम भलतीकडेच जायचा. नळीला गोळी हवी होती तीनशे चोवीस, म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग. डाय होती तीनशे एकवीसची. तेवढ्या मापाची नवी डाय मिळत नव्हती, म्हणून आहे तिचंच भोक वाढवणं चाललं होतं.

"एवढं झालं की जा," बाबा जानेवारीत म्हणाले होते. "माझे हात थरथरतात. नाहीतर तुला सांगितलंच नसतं."

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं म्हणून कोरीन ऑक्टोबरात दोन आठवड्यांसाठी मोंटानात आली होती. मग बाबांच्या छातीत कफ झाला, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. आता फेब्रुवारी संपत आला होता. बॉइसी शहरात ती दातांच्या कवळ्या आणि टोप्या बनवायची. तिथल्या प्रयोगशाळेच्या मालकाने, ग्लेनने, एक तारखेपर्यंत तिची जागा धरून ठेवली होती. सोमवारी दुपारी फोन करून कळवते, असं तिने त्याला सांगितलं होतं.

आज सोमवार होता.

बाबांची नळी पन्नास फुटांची होती. ती त्यांच्या मागोमाग खोल्याखोल्यांतून फिरायची आणि दारात अडकली की ते जागच्या जागी थांबून कोरीनची वाट बघायचे. कोरीनला नळी नव्हती. पण गावातल्या दुकानापर्यंत जाऊन चाळीस मिनिटांत परत यायचं, याहून लांब ती चार महिन्यांत गेली नव्हती. सुरुवातीला दुकानातली बाई विचारायची, "कधी जाणार परत?" आता ती विचारत नसे.

जेवणाआधी बाबा वर पडायला गेले. कोरीन बाक आवरू लागली. रोजची चाचणीची गोळी बाबा अंड्यांच्या पुठ्ठ्यात ओळीने ठेवत. आजची तिने ठेवली आणि तिचं बोट तिथेच थांबलं. सतरा वर्षं तिने केसाच्या जाडीचं काम केलं होतं. आजची गोळी पहिल्या गोळीपेक्षा जेवढी जाड असायला हवी, त्याहून बरीच जास्त लागत होती.

तिने मायक्रोमीटर उचलला.

आजची गोळी तीनशे सव्वीस भरली. तिने पुन्हा मोजली. मग पुठ्ठ्यातल्या सगळ्या मोजल्या. तीनशे चोवीस गेल्या मंगळवारीच झाले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या मंगळवारी बाबांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं : ३२२.५.

ती वर आली. बाबा उठून टेबलाशी बसले होते. तिने हरणाच्या मटणाचा रस्सा वाढला, पाव ठेवला आणि स्वतःचं ताट न घेताच समोर बसली.

"डाय मंगळवारीच झाली होती, बाबा."

चमचा थांबला.

"कुणी सांगितलं?"

"मी मोजली."

"तुला मोजता येत नाही त्यावर."

"मी पोटासाठी तेच करते." तिचा आवाज चढला नाही. "आता ती तीनशे सव्वीसवर गेली. वाया गेली. आणि तुम्ही रोज म्हणताय, उद्या अजून एक हात, उद्या अजून एक. मला ठेवून घ्यायचं होतं तर तसं सांगायचं. हे असं मुद्दाम कशाला?"

बाबा पाव मोडत राहिले. लहान लहान तुकडे करून त्यांनी ते वाटीच्या कडेला ठेवले. एक कडेबाहेर टेबलावर पडला, तो तसाच राहिला.

"मुद्दाम असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

कोरीनने रश्श्याचं भांडं बाजूला सरकवलं.

"रेघा दिसत नाहीत मला. नाताळापासून. मधोमध एक डाग आहे, जिकडे बघावं तिकडे तोच पुढे. प्रेसचं हँडल ओढताना तुला जोर लागायचा, म्हटलं अजून थोडं हवं असेल. अंदाजाने सांगत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू गेली असतीस?"

टेबलावरचा पावाचा तुकडा तिने उचलला आणि हातात धरून ठेवला.

"फक्त बारीक रेघा दिसत नाहीत," बाबा म्हणाले. "बाकी ठीक आहे. घर माझ्या पायाखालचं आहे. शेजारची ॲग्नेस दिवसाआड डोकावते. तू त्या माणसाला फोन कर. म्हणावं, येते. डायचं काय, डाय दुसरी घेता येते."

ते टेबलाला धरून उठले. नळी खुर्चीच्या पायात अडकली होती. कोरीन वाकायच्या आत त्यांनी स्वतःच ती चाचपून सोडवली. मग फोन उचलून त्यांनी तिच्यासमोर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले.

कोरीनने नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली.

बाबांनी पडदा बाजूला केला. कपाळ काचेला टेकेल इतकं जवळ नेलं आणि बराच वेळ बाहेर पाहिलं. बर्फ इतकं दाट पडत होतं की कुंपणापलीकडची तिची गाडीसुद्धा धूसर झाली होती.

"बघ," ते म्हणाले, "कसं स्वच्छ ऊन पडलंय. रस्ता मोकळा असेल. आजच निघ."

"हॅलो?" फोनमधून ग्लेन म्हणाला. "कोरीन? बोल ना."