उण्याचं चिन्ह

मेहविशला पुण्याच्या विज्ञान विद्यापीठात जायचं होतं. श्रीगोंद्याच्या कॉलेजात ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि फिजिक्समध्ये पहिली येत होती. त्या विद्यापीठात बाहेरच्या कॉलेजातली थोडी मुलं थेट तिसऱ्या वर्षाला घेत. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. फिजिक्सची तिला धास्ती नव्हती. भीती होती ती गणिताची, कारण परीक्षेतलं निम्मं गणित तिच्या कॉलेजात शिकवतच नव्हते.

तिच्या गावात, काष्टीत, गणितासाठी जायचं तर एकच दार होतं, दमयंतीबाईंचं. दहावीला त्यांनीच तिला शिकवलं होतं. आता निवृत्त होऊन बाई घरीच असत.

"सकाळी लवकर ये," बाई म्हणाल्या. "आणि पेन आण. गणित वाचून येत नाही, करून येतं."

सुरुवात झोकात झाली. बाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या की तीच जुनी करडी नजर, तोच खणखणीत आवाज. पण मॅट्रिक्स संपून पुढचा धडा आला आणि बाई म्हणाल्या, "हे उद्या बघू." दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांना अचानक लोणच्याच्या कैऱ्या आठवल्या. कैऱ्या फोडता फोडता मेहविशच्या लक्षात आलं, पण बोलायचं कसं?

शेवटी बाईच बोलल्या. "मेहविश, मला हे येत नाही गं. शिकले होते कधीकाळी. मग सगळा जन्म दहावीच्या पोरांत गेला, आणि हे पार पुसून गेलं."

मेहविशने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. परीक्षा तोंडावर आलेली.

"अशी रडवेली काय होतेस? येत नाही म्हटलं, शिकणार नाही असं नाही म्हटलं. उद्यापासून दोघी मिळून शिकू. ते मोबाईलवरचे व्हिडिओ कसे लावतात ते तेवढं दाखव."

तेव्हापासून त्या घरातली शांतता गेली. बाई आणि मेहविश एकच गणित वेगवेगळं सोडवत आणि उत्तर जुळलं नाही की भांडत. "तुझं चुकलं." "बाई, तुमचंच चुकलंय, ही पायरी बघा." बाईंचे यजमान माधवराव चहा ठेवून जात, तो गार व्हायचा, परत गरम करून आणत, तोही गार व्हायचा. मग त्यांनी चहा नेणंच सोडलं. दहावीला बाईंपुढे मान वर न करणारी मेहविश आता त्यांच्या हातातला खडू ओढून घेऊ लागली आणि बाईंना त्याचा राग येण्याऐवजी हुरूपच यायचा.

एका शनिवारी डबल इंटिग्रेशनचं एक गणित दोघींनाही सुटेना. बाजाराचा दिवस असल्यामुळे मेहविश अब्बांच्या, चांदभाईंच्या, मदतीला बैलबाजारात गेली. चांदभाई तिथे बैलांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या, घुंगुरमाळा नि कासरे विकत. गिऱ्हाइकांची झुंबड उडालेली, बैल हंबरताहेत, आणि त्या गर्दीतून पदर खोचून दमयंतीबाई येत होत्या.

"मेहविश! सापडलं गं, सापडलं!"

चांदभाई दचकून उठले. "बाई, काय हरवलं हुतं?"

"उण्याचं चिन्ह, चांदभाई! दुसऱ्या ओळीतच गळालं होतं."

"आसं व्हय? मग बसा जरा, घाम पुसा," चांदभाई गंभीरपणे म्हणाले. "बाजारात हरवल्यालं गावलं म्हंजी लई नशीब बाई तुमचं." आणि स्वतःच खो खो हसत सुटले. मेहविशने म्होरक्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिथल्या तिथे गणित पूर्ण केलं. समोरचं गिऱ्हाईक बैलाचा कासरा धरून थांबलं होतं.

लेखी परीक्षा बरी गेली. मुलाखतीत तीन प्राध्यापक होते. फळ्यावर मेहविशने गणित मांडलं तेव्हा त्यातले एक म्हणाले, "इथे चुकलंय तुमचं."

दुसरं कुणी असतं तर गडबडलं असतं. मेहविश मात्र सवयीने म्हणाली, "नाही सर, तुम्ही ही पायरी बघा ना." पायरी दाखवता दाखवता ती थांबली. "अय्या! खरंच की. माझंच चुकलं." ती हसली आणि खालच्या तीन ओळी पुसून पुन्हा करायला लागली. ते प्राध्यापकही हसले.

"गणित कुणाकडे शिकलात?"

"बाईंकडे. म्हणजे... बाई माझ्याकडे पण शिकल्या."

निकाल मोबाईलवर आला. प्रवेश मिळाला होता, फक्त तिसऱ्या वर्षाबरोबर दुसऱ्या वर्षाचा गणिताचा एक पेपरही द्यावा लागणार होता. तिची अम्मी रोशनबी आनंदाने रडली. चांदभाईंनी शेजारच्या दुकानांत पेढे वाटले. बाईंनी मात्र निकाल दोनदा वाचला आणि विचारलं, "तो जास्तीचा पेपर कसला आहे?"

"लिनिअर अल्जेब्रा."

"मग पुण्याला पोचलीस की पहिल्यांदा त्याचं पुस्तक घे. एक नको, दोन घे. एक इकडे पाठव."

आता दर रविवारी होस्टेलच्या व्हरांड्यात फोनवर मेहविशचा आवाज चढतो. "बाई, तुमचंच चुकलंय!" पहिल्या आठवड्यात तिच्या खोलीतल्या मुलीला वाटलं, घरी काहीतरी मोठं भांडण चाललंय. मग तीही पेन घेऊन शेजारी येऊन बसू लागली.