शहाण्या बाळाची दृष्ट

"ही गोळी अफूच्या जातीची. बाळ अंगावर पितंय ना? मग आजच्यापुरतीच. आणि बाळ सुस्तावतंय का, बघत राहा," कणकवलीच्या डॉक्टरांनी बजावलं. गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी बी.ए. झालेली. डॉक्टर सगळ्यांनाच घाबरवतात, असं म्हणून दुकानातून आणून गोळ्या पुढेही घेत राहिले. दाढच तशी ठणकत होती.

दाढ गप्प झाली. मग माझा महिन्याचा जयरामही गप्प झाला. दोन घोट घ्यायचा की झोपायचा. मलाही दूध उतरेना.

शेजारची तुळसाकाकू पाळण्यातल्या लेकराकडे बघून म्हणाली, "काय गो, झील तुझो भारीच शाणो! रडणाच नाय!"

सासूबाईंना दृष्टीचा संशय आला. त्यांनी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. दृष्ट असली तर म्हणे ठसका लागत नाही. आम्हाला असा लागला की तुळसाकाकू पदर तोंडाला लावून परसात पळाली आणि मांजर माळ्यावर.

"दृष्ट न्हय ही," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. मग पाळण्यात डोकावल्या. जयराम साधा शिंकलाही नव्हता.

"तुझी ती गोळी खंय आसा?"

जयरामला घेऊन आम्ही दोघींनी कसालला मिळाली ती कणकवलीची एस.टी. पकडली. वाटभर त्याच्या नाकाशी बोट धरून बसले. डॉक्टरांनी तळव्यांना टिचक्या मारल्या, छाती तपासली. "श्वास ठीक आहे. पण गोळी बंद. आणि संध्याकाळपर्यंत इथंच थांबा."

मग सांगितलं, "बाळ ओढू लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. पान्हा फुटतो तो त्यानं. अफू त्यालाच अडवते, वर दुधातून बाळाला गुंगी आणते."

"आमची कपिला वासराक बघून पान्हो सोडता, तसाच," सासूबाई म्हणाल्या. "पण कपिला गोळये खाणा नाय."

उन्हं कलताना जयरामनं असा टाहो फोडला की सासूबाईंनी हात जोडले. दाढ पुन्हा ठणकत होती. त्याला पाजायला घेतलं, पान्हा फुटला, आणि नवल म्हणजे ठणका निम्म्यावर आला. डॉक्टरांना सांगितलं तर हसले. "माझ्या पुस्तकात पान्ह्यापुरतंच लिहिलंय. दुखणंही हलकं करत असेल, कुणी सांगावं! दाढ मात्र काढूनच घ्या."

काढली. त्यानंतर जयराम रोज घर डोक्यावर घेऊ लागला.

तुमच्या वाडीत कुणी ओली बाळंतीण दुखण्यावर गोळ्या घेत असेल आणि तिच्या बाळाला सगळे फार शहाणं म्हणत असतील, तर हे वाचून झाल्यावर तिच्याकडे जाऊन याल? बाळाच्या तळव्याला जरा गुदगुल्या करून बघा. नाही रडलं, तर लगेच डॉक्टर गाठा; रडलं, तर शिव्या मी खाईन.