काठावरचे तीन श्वास

गव्हाच्या कोठीवर ठेवलेला फोन थरथरला आणि कोठीचा पत्रा वाजला. घरात तोवर काहीच वाजत नव्हतं. माझी लेक आकू नुकती झोपली होती, माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून. ओढणी तिच्याकडेच ठेवली आणि मी हळूच उठले.

अनुपचा मेसेज होता. दोन फोटो, आणि खाली एक ओळ : "नंदे, कोन्तं घेऊ? अर्ध्या घंट्यात सांग. मग खाली उतराचं आहे."

अनुप माझा नवरा. पवनारच्या ढीवराच्या, मासे धरणाऱ्यांच्या घरातला. धाम नदीत बुडालेली माणसं वर काढता काढता पाण्याखालच्या कामाचा कोर्स करून बसला, आणि दिवाळीनंतर एका ठेकेदारानं त्याला हिमाचलात नेलं. तिथं डोंगरात एक धरण आहे, त्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे, तिच्यात अडकलेला कचरा काढायचा. बाहेर बर्फ, आत चार डिग्रीचं पाणी. मागच्या सोमवारी त्यांच्यातल्याच एकाचा रेग्युलेटर पाण्यात गोठला. झडप उघडीच राहिली, हवा सुसाट सुटली, टाकी दोन मिनिटांत रिकामी. त्याला वर आणलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. आज त्याच्या जागी अनुप उतरणार होता. नाही म्हटलं तर उद्याच्या गाडीनं परत जा, असं ठेकेदारानं सांगितलेलं.

"काय म्हन्ते तो?" मामाजींनी दारातून विचारलं. माझे सासरे, श्रावण. ते जाळ्याचा फाटका भाग सांधत बसले होते.

"रेग्युलेटर पसंत कराचा आहे, मामाजी. दोन आहे तिथं."

"गॅसचा?" ते हसले. "सैपाकही त्यालेच कराले लावते काय तिकडं?"

काम तसं गॅसच्या रेग्युलेटरसारखंच असतं. टाकीतली हवा इतक्या जोरात असते की सरळ तोंडात घेतली तर छाती फुटेल. रेग्युलेटर तिला माणसाला सोसेल एवढी करून देतो. एक भाग टाकीवर बसतो, एक तोंडात. मला एवढं माहीत आहे, कारण आकू झोपली की मी हेच वाचत असते. इंग्रजी पुस्तिका तो पाठवतो, मी त्याला मराठीत सांगते. बीएस्सीची दोन वर्षं अशी कामाला येतील असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

फोटो मोठा केला. पहिला नवा, चकाकणारा. पण त्याच्या टाकीवरच्या भागाला भोकं होती. त्यातून पाणी आत जातं आणि थंड पाण्यात तिथंच बर्फ धरतो. दुसरा जुना, रबर पिवळं पडलेलं, पण तो भाग बंद होता, वर टोपी. थंड पाण्यासाठीच केलेला. त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर दुरुस्तीची तारीख होती, चार वर्षांपूर्वीची.

"जुना," मी लिहिलं. "पण त्याले कोणी खोलून पाहीन का?"

"इथं कोन पाहीन? स्टोअरवाल्याले टोपी तरी काहाची आहे ते मालूम नाई."

"मंग नका उतरू."

मग : "तू पसंत केला ना. बस झालं. आकू झोपली?"

"झोपली."

"जातो मंग. खाली नेटवर्क नाई राहत."

मी फोन हातातच ठेवला. करायला काही नव्हतं म्हणून पुस्तिका पुढं वाचत गेले. निवड कशी करावी ती पानं मला पाठ होती. शेवटचं पान मी कधी उघडलंच नव्हतं. तिथं चौकटीत लिहिलं होतं : पाण्यात जाईपर्यंत रेग्युलेटर कोरडा ठेवा. बाहेरच्या गार हवेत त्यातून श्वास घेऊ नका. आतली ओल गोठते, मग चांगल्यातल्या चांगल्या रेग्युलेटरचीही झडप उघडीच राहते.

मी ती चौकट दोनदा वाचली.

आमच्या घरात पाण्यात उतरायची एक रीत आहे. काठावर वाकायचं, तोंड ओलं करायचं आणि तीन लांब श्वास पाण्यावर सोडायचे. मग उतरायचं. टाकी आली तरी अनुपनं रीत सोडली नाही. रेग्युलेटर पाण्यात बुडवतो, तोंडात धरतो आणि काठावर उभ्यानंच तीन श्वास घेतो. मी धामेच्या काठावर आकूला कडेवर घेऊन कितीदा पाहिलंय. मला ते आवडायचं.

"आज श्वास घेऊ नका काठावर. कोरडा ठेवा." मी लिहिलं. एकच टिक, मेसेज पोचलाच नाही. फोन लावला, तो क्षेत्राबाहेर. स्टोअरवाल्याला लावला.

"वो लोग तो निकल गए, बहनजी."

"भैया, कोई जाके बोल दो. बहुत जरूरी है."

"नीचे पौन घंटा लगता है. तब तक तो उतर भी जाएगा."

मामाजींनी जाळं बाजूला ठेवलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, पुस्तिकेतला शब्द न् शब्द.

"एखाद्या वेळी श्वास घ्याचे इसरन तो," मी म्हटलं. "घाईत."

"नाई इसरत." ते आपल्या हातांकडे पाहत होते. "सात वर्साचा होता. एक डाव इसरला तं म्या मारलं होतं त्याले. चांगलं मारलं होतं."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून सरकून भिंतीशी गेली.

"आता उतरला असन," ते म्हणाले.

मागं आकू उभी होती. कधी उठली कोण जाणे. तिच्या हातातली माझी ओढणी जमिनीवर लोळत होती. आजोबांचं बोलणं ऐकून तिनं नाक चिमटीत धरलं, गाल फुगवले आणि श्वास कोंडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तोंड लाल व्हायला लागलं तसं तिनं ओठ जेमतेम उघडून शब्द काढले :

"आई, बाबा वर आले काय? सोडू मी आता?"