दहापैकी किती

पाठदुखीसाठी मानसोपचार घ्या, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी फाईल उचलली आणि सरळ बाहेर पडले. एकवीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली आहेत मी. सोंग कोण करतं आणि खरं कोण कण्हतं, हे मला कुणी शिकवायला नको.

तीन वर्षांपूर्वी एका वजनदार पेशंटला कुशीवर वळवताना कमरेत कळ आली, ती गेलीच नाही. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. माझी मुंगी अजून निघालीच नव्हती. फोटो, मालिश, पट्टे, इंजेक्शनं, सगळं झालं. ड्यूटीवर हसायचं आणि घरी जो समोर येईल त्याच्यावर खेकसायचं. लेक माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. त्यात मेट्रन म्हणाल्या, "तीन महिने बघते. नाहीतर तुला रेकॉर्ड रूममध्ये बसवावं लागेल." वॉर्ड गेला तर मी उरते किती?

"जाऊन तर ये," नवरा म्हणाला. "वेडी ठरवत नाही कुणी. दुखणं घेऊन जगायचं कसं, ते शिकवतात म्हणे."

असा उपचार करणारं कुणी शोधण्यातच दोन महिने गेले. एक बाई फोन उचलेनात, दुसऱ्या फक्त लहान मुलांना बघायच्या. तिसऱ्यांच्या दवाखान्यात अशाच दुखणेकऱ्यांचा गट होता आणि त्यात एकच जागा उरली होती. आधी दोन आठवडे वही भरायची होती: सकाळ-संध्याकाळ, दुखणं दहापैकी किती. मी सुवाच्य अक्षरात भरून पाठवली. उत्तर आलं, "आपला त्रास सौम्य दिसतो. गटाची गरज वाटत नाही."

मी घर डोक्यावर घेतलं. नवऱ्यानं शांतपणे वहीची झेरॉक्स उलगडली.

"चार? या दिवशी तुला वाकता येईना म्हणून तुझ्या पायांत मोजे मी चढवले होते! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं झालं हे."

मी पुन्हा पाहिलं. सगळीकडे तीन, चार, चार. खोटं लिहायचं माझ्या मनातही नव्हतं. वॉर्डातला तक्ता भरतात तशीच मी वही भरली होती. पेशंट आठ म्हणाला की आम्ही चार-पाच लिहितो. सगळे वाढवूनच सांगतात, हे नव्या सिस्टरला पहिल्याच आठवड्यात कळतं. मी स्वतःलाही तेच लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी वेळ न घेताच त्या बाईंसमोर जाऊन बसले.

"वही चुकली आहे. आठ आहे माझं. कधी नऊ."

"मग चार का लिहिलंत?"

मी वॉर्डाची रीत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, चारवर काट मारली आणि शेजारी आठ लिहिलं. माझ्याकडे निरखून पाहिलं नाही की खात्री करून घेतली नाही.

"मंगळवारी चार वाजता या. जागा तुमची. दुखणं जाईल असं मात्र मी म्हणणार नाही."

मला रडूच कोसळलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मी सांगितलेला आकडा सांगितला तसा लिहिला होता.

आणि रडता रडता अठरा नंबरच्या खाटेवरचे आजोबा आठवले. गेल्या वर्षीचं पोटाचं ऑपरेशन. ते नऊ म्हणाले होते आणि मी पाच लिहिलं होतं. पाचला साधी गोळी मिळते, इंजेक्शन नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तक्ता घेऊन गेले होते, "आजोबा, आज दहापैकी किती?"

ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "तुम्हीच लिहा सिस्टर, काय ते."

त्यांना बरं वाटतंय असं समजून मी तीन लिहिलं होतं.