दिपमालाच्या चार ओळी

माझी पोरगी दिपमाला खोटं बोलत नाही, हे मी अमळनेरच्या बसस्टँडवर अनोळखी माणसांनाही ऐकवलंय. ती कपाशीवर व्हिडिओ बनवते. आपल्या वावरात करून पाहिल्याशिवाय एक शब्द सांगत नाही. एकदा एक औषधवाला फुकटची खोकी घेऊन दारात आला, व्हिडिओत नुसतं नाव घ्या म्हणाला. तिनं त्याला चहा पाजला आणि खोक्यांसकट वाटेला लावलं.

गेल्या वर्षी तिनं कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क उकळला. चार ओळींना अर्क, शेजारच्या चारांना काहीच नाही. बोंडअळी कुठे कमी येते ते पाहायचं. ती कॉलेजला गेली असताना अर्काच्या ओळींतही मला अळी दिसली. पोरीचं हसं होईल, या विचारानं माझं डोकं फिरलं. कुणाला न सांगता मी त्या चार ओळींवर दुकानातलं जहाल औषध मारलं. तीनदा मारलं.

अर्काच्या ओळी स्वच्छ निघाल्याचा तिचा व्हिडिओ ऐंशी हजार लोकांनी पाहिला. मी मिशीला पीळ देत गावभर हिंडलो.

यंदा दिवाळीच्या तोंडावर धुळ्याकडच्या अमृत नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. "ताई, तुम्हना भरवसावर मी दुसरं काहीच फवारं नही. बठ्ठा बोंडं किडी ग्यात."

व्हिडिओखाली लोक लिहू लागले, यानंच अर्क नीट केला नसेल. दिपमालानंही तेवढंच म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण तिनं अमृतला एकेक गोष्ट विचारली, वहीत लिहिली, आणि वही घेऊन माझ्यासमोर बसली.

"आबा, त्यान्ही काहीच चुकाडेल नही. मंग आपला वावरमा काय येगळं व्हतं?"

"मी व्हतू," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं.

तिनं वही मिटली. "हाई कॅमेरासमोर सांगशात?"

मी भडकलो. "गावमा तोंड दखाडाले जागा ऱ्हावाव नही माले."

"बरं. मंग मी सांगसू, चूक मनी व्हती. तुम्हनं नाव लेवाव नही."

ते मला झोंबलं. म्हणजे माझ्यापायी ही पोरगी पहिल्यांदा खोटं बोलणार होती. मी खुंटीवरची टोपी घातली आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन बसलो. औषधाचं नाव सांगितलं, तारखा सांगितल्या, अमृतची माफी मागितली. शेवटी ती माझ्या शेजारी येऊन म्हणाली, "ओळींवर माझं लक्ष नव्हतं, तेवढी चूक माझी." जुना व्हिडिओ तिनं काढला नाही. तो चुकीचा आहे, असं त्याच्यावरच मोठ्या अक्षरात लिहिलं.

लोकांनी मला यथेच्छ शिव्या घातल्या. काही हजार जण तिला सोडून गेले. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि मीही नाही.

पुढच्या खरिपात ती हाच प्रयोग पुन्हा करणार आहे, पण अमृतच्या वावरात. पारावरची माणसं मला मुद्दाम डिवचतात, "घरनं वावर व्हतांना तथा कशाले?"

बापावर तिचा भरवसा नाही, असं मी त्यांना सरळ सांगतो. आणि सांगताना माझी छाती फुगते.