फुलवालीचा कोपरा

पाहुण्याच्या हातात खोलीची किल्ली ठेवण्याआधी काकू त्याच्या पायांकडे बघायच्या. उंच टाचांच्या चपला दिसल्या तर बाजारातल्या बाजारातच फिरा म्हणायच्या. मळलेले, रुळलेले बूट दिसले की मात्र त्यांचा चेहरा उजळायचा. "चालणारे दिसता," म्हणत त्या खुर्चीत सावरून बसायच्या आणि मनोऱ्याची वाट सांगायच्या. सांगायच्या कसल्या, म्हणायच्याच:

चष्मेवाल्यापाशी थांबा, घड्याळजीला विचारा,
फुलवालीच्या कोपऱ्यावर डावीकडे वळा जरा.
मान खाली घालून चाला, वर बघू नका कोणी,
भिंत संपली की बघा, मनोरा उभा अंगणी.

पाहुणा हसायचा, पुन्हा म्हणा म्हणायचा, आणि तेच ओठांत घोळवत पायऱ्या उतरून जायचा.

तटाच्या आतलं ते जुनं शहर, आणि त्या शहरातलं हे तीन मजली हॉटेल. मागच्या खोल्यांना पारव्यांची घुमघुम, पुढच्यांना रस्त्याची वर्दळ. नळाला गरम पाणी यायचं, पण आळोखेपिळोखे देत यायचं. काउंटरमागे किल्ल्यांची फळी, प्रत्येक किल्लीला पितळी बिल्ला, आणि हाताळून हाताळून बिल्ल्यांवरचे आकडे असे झिजलेले की काकूंशिवाय कुणाला वाचता येऊ नयेत. त्या फळीखाली काकूंची निळी खुर्ची. काका गेले तेव्हापासून काकू त्या खुर्चीत बसत आल्या होत्या. आधी दुःखानं उंबरा ओलांडवेना, आणि दुःख जरा निवतंय तोवर गुडघ्यांनी असहकार पुकारला. डॉक्टरकडे जायचं तर पुतण्या गाडी दाराशी लावायचा आणि हमरस्त्यानं न्यायचा. गल्लीबोळांतलं शहर त्यांच्या डोक्यातच वसलेलं होतं.

ती वाट मुळात काकांची. लग्नानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी काका त्यांना मनोरा दाखवायला घेऊन निघाले होते. हमरस्ता सरळ होता, जवळचा होता. पण काका म्हणाले, "तिकडून नको. तिकडून तो लांबूनच दिसत राहतो. येतोय येतोय म्हणेपर्यंत डोळे शिळे होतात." मग बोळांतून नेलं. कोपऱ्यावर फुलवालीशी दोन शब्द बोलले, डावीकडे वळले आणि म्हणाले, "आता मान खाली. माझ्या चपला बघत चल." नवी नवरी ती, चपला बघत चालली. एका टाचेचा टाका उसवलेला होता. उजव्या हाताला भिंत, गार, लांबच लांब. आणि मग चपला थांबल्या. काका म्हणाले, "बघ."

पुढचं काकू कुणाला सांगत नसत. पाहुण्यांना फक्त वाट सांगत.

ती वाट अलीकडे चुकू लागली होती. पाहुणे मनोऱ्याऐवजी गावाबाहेरच्या लाकडाच्या वखारीत पोचायला लागले. घामाघूम होऊन परत यायचे, आणि इंटरनेटवर लिहायचे. एकानं लिहिलं होतं, 'खोली स्वच्छ, चहा फक्कड, काउंटरवरच्या आजींचं मात्र ऐकू नका.'

पुतण्यानं तो मजकूर मोबाइलवर वाचून दाखवला, आणि दाखवल्यावर त्यालाच कसंनुसं झालं.

"आजी कुणाला म्हणतो मेला?" काकू म्हणाल्या.

"काकू, चेष्टा नको. लोक हे वाचून खोल्या घेतात. म्हणजे, घेत नाहीत."

"तुझ्या काकांनी शिकवलेली वाट आहे. ती चुकायची नाही."

"वाट नसेल चुकत. पण चष्मेवाला आहे का अजून? घड्याळजी? शेवटचं कधी बघितलंस त्यांना?"

पुतण्याची बायको जिना उतरत होती, ती अर्ध्यातच थांबली. तिनं हमरस्त्याचा नकाशा छापून आणला होता, गुळगुळीत कागदाचा, बाण दाखवलेला. पुतण्यानं तो काउंटरवर ठेवला. "एक तारखेपासून ही बसेल इथे. तू वरच्या खोलीत आराम कर. टीव्ही लावून देतो."

"मला जिवंतपणी माळ्यावर टाकतोस होय रे?"

"काकू!"

"थांब. माझं चुकतंय की नाही ते माझं मी बघून येते. चुकत असेल तर खुर्ची तुमची, आणि टीव्हीसुद्धा बघते मी, गपगुमान. नसेल चुकत तर हा कागद पुन्हा इथे दिसता कामा नये."

"अगं, तुझे गुडघे?"

"येतील ते पण. मागे राहून करणार काय?"

दुसऱ्या दिवशी न्याहारीची गर्दी ओसरल्यावर काकू निघाल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पुतणसुनेचा दंड. सुनेच्या पर्समध्ये नकाशा होता. लग्न होऊन या शहरात आली तेव्हापासून तीही हमरस्त्यानंच जात-येत होती. बोळांत शिरायला तिला कधी सवड झाली नव्हती.

"मी काही तुमच्या खुर्चीवर डोळा ठेवून नव्हते हं, काकू," ती म्हणाली.

"माहीत आहे गं. डोळा असता तर आधी तिची गादी बदलली असतीस."

चष्मेवाल्याच्या दुकानाशी आल्या आणि काकूंची काठी जागच्या जागी खिळली. काचेमागे चष्म्यांच्या रांगा नव्हत्या. मोबाइल लटकत होते, त्यांची रंगीबेरंगी कवचं लटकत होती. काकूंनी पाटी वाचली, पुन्हा वाचली. पाहुण्यांना आपण इतके दिवस कुणाच्या दाराशी थांबवत होतो? कानशिलं तापली त्यांची.

आतून मोबाइलवाल्यानं मान बाहेर काढली. "काकूंच्या हॉटेलात उतरलात का?"

सुनेनं तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी तिच्या दंडाला बारीक चिमटा घेतला.

"हो," काकू म्हणाल्या. "चष्मेवाले कुठे भेटतील?"

"मीच की!"

"तुम्ही?"

"म्हणजे तसा मी मोबाइलवाला. त्या काकूंच्या पाहुण्यांपुरता चष्मेवाला." तो हसत पायरीवर आला. "दुकान घेताना म्हाताऱ्यानं दोनच गोष्टी बजावल्या होत्या. छत गळतं, आणि काकूंचे पाहुणे येतात. छत दुरुस्त केलं. पाहुण्यांना काय करणार?"

"मग त्या बाईला सरळ सांगून टाकायचं, की चष्मेवाला गेला म्हणून."

"छे हो! तिचा माणूस गेलाय, ती दाराबाहेर पडत नाही. तिच्या डोक्यात हे गाव जसंच्या तसं आहे म्हणतात. आपण कशाला त्यातलं एकेक दुकान बंद करत बसायचं? जा, सरळ जा. पुढे घड्याळजीला विचारा."

काकूंना त्याच्याकडे बघवेना. पदराचं टोक उगीचच नीट करत त्या पुढे निघाल्या. सुनेनं त्यांचा हात जरा घट्ट धरला.

घड्याळजीच्या जागी बायकांचं पार्लर होतं. दारात एक ठसठशीत बाई कात्री घेऊन उभी. आत खुर्चीत अर्धे केस कापलेली एक मुलगी आरशात बघत बसलेली.

"घड्याळजी?" काकूंनी चाचरत विचारलं.

"बोला, मीच," कात्रीवाली म्हणाली, जराही न हसता. "उजवीकडे नका वळू, सरळ जा. पण पुढे जपून हं, मावशी. कोपऱ्यावर आता कोणी नाही. फुलवाली होती ना, पाहुण्यांना वळवून द्यायची, ती गेली लेकीकडे राहायला, कायमची. तेव्हापासून सगळे सरळ वखारीत जातात. मी कात्री टाकून किती जणांमागे धावू? परवा एकाच्या मागे गेले, तर इकडे हिच्या बहिणीचा रंग डोक्यावर तसाच राहिला. केशरी झाली पोरगी!"

आरशातली मुलगी खुदकन हसली.

म्हणजे वाट चुकतच होती. कधीचीच चुकत होती, आणि गाव ती गुपचूप दुरुस्त करत होतं. एक फुलवाली उठून गेली तशी ती उसवली, काकांच्या टाचेच्या टाक्यासारखी.

कोपरा आला. तीन वाटा तीन दिशांना फुटलेल्या. फुलवालीच्या ओट्याचा दगड तेवढा होता, रोजच्या ओल्या टोपलीनं पडलेला गोल डाग अजून त्यावर होता. काकू टेकायला गेल्या, तशी सून म्हणाली, "थांबा, गार असेल." तिनं पर्समधला नकाशा काढला, दगडावर पसरला. काकू त्यावर बसल्या. कुठला कागद ते दोघींच्याही ध्यानात आलं, पण दोघींनीही तसं दाखवलं नाही.

"हरले गं," काकू म्हणाल्या. "खुर्ची तुझी."

तेवढ्यात मागून घाईची पावलं वाजली. पहिल्या मजल्यावरचे नवराबायको, सकाळीच वाट सांगितलेले. नवरा पुढे, बायको मागे, दोघांचं काहीतरी बिनसलेलं.

"तुला म्हटलं होतं ना, सरळच आहे!"

"त्या म्हणाल्या होत्या फुलवाली. दिसतेय का तुला कुठे फुलवाली?" आणि मग तिचं लक्ष ओट्याकडे गेलं. काउंटरमागचा चेहरा उन्हात तिला ओळखता आला नाही. "ओ काकू, इथे फुलवाली कुठे असते हो?"

काकूंनी सुनेकडे बघितलं. मग त्या वाटांकडे, वखारीकडे जाणाऱ्या त्या रुंद, भोळ्या दिसणाऱ्या वाटेकडे.

"मीच फुलवाली," त्या म्हणाल्या. "डावीकडे वळा. आणि मान खाली."

"फुलं कुठायत?" नवऱ्यानं विचारलं.

"संपली. सकाळी यायचं होतंत."

दोघं वळली. रुसवा विसरून, माना खाली घालून, एकमेकांची पावलं बघत भिंतीच्या कडेनं गेली. सून त्यांच्याकडे बघत राहिली.

"काकू, तिकडे आहे तरी काय एवढं? मनोरा तर मी रोज बघते. बसस्टॉपवरूनही दिसतो."

"मग जा की. माझे गुडघे नाही म्हणतायत, नाहीतर मीच नेलं असतं तुला. पण मान खाली. भिंत संपेपर्यंत वर बघितलंस तर माझी शप्पथ."

सून गेली. काकू एकट्या बसल्या. भिंतीला उन्हाचा वास होता. कुठेतरी नळ गळत होता. पलीकडून आधी त्या नवराबायकोचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसता श्वास आत ओढल्यासारखा, आणि मग कुणीतरी हलकेच हसलं. थोड्या वेळानं सुनेचा आला, चांगला मोठ्यानं, "अगं बाई!"

इतकी वर्षं काकूंनी माणसं पाठवली होती, पण हा आवाज काउंटरपर्यंत कधी पोचला नव्हता. हाच तो. त्या संध्याकाळी चपला थांबल्यावर त्यांच्या तोंडून निघाला होता तो. काका तेव्हा मनोऱ्याकडे बघतच नव्हते, आपल्या नव्या नवरीकडे बघत होते, ऐकत होते.

सून परतली ती सावकाश. शेजारी बसली. मग म्हणाली, "ते गाणं पुन्हा म्हणा ना, काकू. मला पाठ करायचंय."

घरी पुतण्या दारातच उभा होता. "काय ठरलं मग?"

"काउंटर हिला दे," काकू म्हणाल्या. "किल्ली द्यायच्या आधी पाय बघत जा म्हणावं. आणि ती खुर्ची उचल माझी."

"वरच्या खोलीत ठेवू?"

"कोपऱ्यावर ठेव. ऊन उतरलं की मी येईन घरी."

पुतण्यानं बायकोकडे बघितलं. तिनं आधीच खुर्चीचा एक हात धरला होता. "बघताय काय? दुसरा धरा."

हल्ली त्या कोपऱ्यावर निळी खुर्ची असते. काठी भिंतीला टेकवलेली, पायांत मोजे, मांडीवर हात. पाहुणे येतात, फुलवाली कुठे म्हणून विचारतात, आणि फुलं नसलेली फुलवाली त्यांना डावीकडे वळवते. मग ती बोलायची थांबते. पावलं भिंतीच्या कडेनं लांब जातात, अंधूक होतात, नाहीशी होतात. काकू डोळे मिटून, मान जराशी कलती करून वाट बघत असतात, भिंत संपण्याची.