पान्याला हात न लावता

"मामा, पान्याला हात लावायचा नाही!" खालून इंजिनिअर ताई वॉकीटॉकीत ओरडली.

वर साठ मीटरवर मामा डिशला बिलगून काकडत बसले होते. तीस वर्षं टॉवर चढणारा माणूस! या नव्या टॉवरने मात्र त्यांना जेरीस आणलं होतं. आठ दिवस रोज पहाटे दलदलीपलीकडच्या दवाखान्याचा सिग्नल जायचा, मामा चढून बोल्ट सैल करून डिश फिरवत बसायचे आणि नऊच्या सुमारास सिग्नल परत यायचा. साहेबांनी सरळ अर्थ काढला, म्हातारा बोल्ट नीट आवळत नाही. आज पुन्हा तेच झालं, तर मामा कायमचे घरी.

"अहो ताई, नुसता बसून राहू? खाली साहेब आहेत ना!"

"बसा. माझी शपथ आहे तुम्हाला."

"काय पोरखेळ लावलाय?" शेजारून साहेब कडाडले. "तिकडे दवाखान्याचे फोन बंद पडलेत!"

टॉवरची उंची ताईनेच काढली होती. एरवी रेडिओची लहर हवेत जमिनीकडे जराशी वाकते आणि कमानीसारखी मधल्या उंचवट्यावरून पलीकडे जाते. तोच वाक धरून साठ मीटर पुरे, असं तिने ठासून सांगितलं होतं. पण दलदलीवर धुकं साचलं की हवेची तऱ्हाच बदलते. लहर कपड्यांच्या दोरीसारखी मध्ये लोंबते आणि उंचवट्याला अडते. हे तिला काल दुपारी स्वतःचाच आराखडा उकरताना कळलं. साहेबांना ते तोंडी पटणार नव्हतं, दाखवायलाच हवं होतं.

पावणेनऊ वाजले. ताईच्या हातातल्या सिग्नल मीटरचा काटा मेल्यासारखा पडून होता.

"ताई, बोटं बधिर झाली. एकच आटा फिरवू?"

"नाही म्हटलं ना!"

"पाच मिनिटं," साहेब म्हणाले. "मग मी दुसरा माणूस बोलावतो."

चौथ्या मिनिटाला दलदलीवर ऊन उतरलं आणि धुकं विरलं. काटा थरथरला आणि सरसर चढला.

"मी हात नाही लावला हो!" मामा वरून घाबऱ्या आवाजात ओरडले.

"माहीत आहे, मामा."

"मग चूक कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी. टॉवर बारा मीटर कमी पडतोय."

"उद्या फाइल घेऊन या," एवढंच बोलून साहेब गाडीत बसले.

मामा उतरले तेव्हा त्यांना पट्ट्याचं बक्कलही काढता येईना. ताई ते सोडवायला वाकली.

"आठ दिवस मला वाटत होतं," मामा हळूच म्हणाले, "हातच गेले माझे."

ताईला मान वर करवेना. ती बक्कलाशी झटत राहिली. ते केव्हाच सुटलं होतं.